आज काय केलंय?

मुंबई, १२ फेब्रुवारी २०२५

स्वराच्या बाबांना नमस्कार,

मायना काय लिहावा यातच अर्धा तास गेला. सव्वीस वर्षांच्या संसारात तुम्हाला पत्र लिहायची वेळ आली नाही आणि नावाने हाक मारायची सवय नाही. म्हणून हे असं. हसू नका.

फोन का नाही म्हणाल, तर तुमचा फोन दिवसभर कंपनीच्या गेटवर जमा. घरी आल्यावर केला तर "बरंय ना? बरंय. ठेवू?" एवढ्यात तुम्ही आटोपता. आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, दोन-चार दिवसांत तोंडात, घशात फोड येतील, बोलता येणार नाही. तेव्हा नर्सने ही वही दिली. मी लिहिलेलं स्वरा संध्याकाळी येऊन घेऊन जाईल आणि टपालात टाकेल. पोर रोज ऑफिस सुटलं की काचेबाहेर येऊन बसते, हात हलवते आणि हॉस्टेलला परत जाते. तुमचं पत्र तिच्या पत्त्यावर पाठवा. इथे ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पुसून मग आत देतात. आत माणसाला यायची मनाई आहे.

काल पेशी चढवल्या. माझ्याच, महिन्यापूर्वी काढून गोठवून ठेवलेल्या. आधी कडक औषध देऊन हाडांच्या आतलं सगळं आजारासकट पुसून टाकलं, आता या पेशी तिथे जाऊन नवं रक्त करणार. पिशवी लावली आणि घशात एकदम लसणाची चव आली. नर्स म्हणाली, गोठवताना जे औषध घालतात त्याचा हा प्रताप, खोलीभर उकडलेल्या मक्यासारखा वास सुटलाय. मला तो वास आलाच नाही हो. शेजारच्या गल्लीत दूध करपलं तर ज्या नाकाला कळतं, त्या नाकाला! मी फार घाबरले.

डबे कसे चाललेत? पुष्पलता माझ्या जागी रांधायला चिंचणीहून वेळेवर येते ना? चौदाही जण रात्रपाळीला जाणारे, साडेसहाच्या आत डबा हातात पडला पाहिजे. तिला बजावून सांगा, नैवेद्याची वाटी देवापुढे गेल्याशिवाय चमचा तोंडाला लावायचा नाही. आईने मला शिकवलं तेच. मीठ-मसाला वासावर ठरवायचा. तिला नाही जमलं तर तुम्ही घरी असताच, जरा नाक लावत जा.

तुमची,
ज्ञानेश्वरी


बोईसर, १९ फेब्रुवारी

स्वराची आई,

हे प्लँटमध्ये चहाच्या सुट्टीत लिहितोय. आत मोबाईल चालत नाही पण कागद चालतो. रीडिंग लिहायच्या तक्त्याची पाठकोरी बाजू आहे, राग मानू नकोस.

इकडे सगळं झकास आहे. पुष्पलता दुपारी बाराला येते, सहाला डबे तयार. काही काळजी करू नकोस. तिच्या हाताला अगदी तुझ्यासारखीच चव आहे. काल येसर मसाल्याची आमटी केली होती, मला तर फरकच कळला नाही. तू निवांत पडून राहा.

स्वराने सांगितलं, केस गेले. येतील. माझे तर काही न करता गेले.

बरंय. शिट्टी झाली.

रामकिसन


मुंबई, २८ फेब्रुवारी

स्वराच्या बाबांना नमस्कार,

उत्तराला उशीर झाला. मधले दहा दिवस मला आठवतही नाहीत. थुंकी गिळायची म्हटलं तरी डोळ्यांतून पाणी यायचं. आता फोड सुकताहेत, पेशी वाढायला लागल्यात. डॉक्टरबाई खूश आहेत. त्यांच्या मते मी बरी होतेय.

पण जेवण! मऊ खिचडी देतात, ती भिजलेला पुठ्ठा खाल्ल्यासारखी लागते. पाणी लोखंडाचं. चहा म्हणजे नुसतं गरम काहीतरी. स्वराने परवानगी काढून घरून ताजा वरणभात आणायची व्यवस्था केली, तिच्या मैत्रिणीच्या आईने केलेला. तिला वाईट वाटू नये म्हणून मी खाल्ला. बाहेरून ती काचेला नाक लावून बघत होती आणि मी मान डोलवत होते, छान आहे, छान आहे. इतकं एकटं मला जन्मात वाटलं नाही. खोलीत एकटी आहे त्याचं नाही. ताटाशीसुद्धा एकटी आहे.

डॉक्टरबाईंना विचारलं, नाक-जीभ परत कधी येणार? म्हणाल्या, बहुतेकांना काही महिन्यांत येतं. काहींना पहिल्यासारखं येत नाही. एवढं सहज म्हणाल्या. त्यांना काय माहीत, मी चाखून बघणाऱ्यातली नाही. फोडणीत हिंग पुरे झाला की नाही, आमटीला मीठ लागलं की नाही, सगळं मला वाफेवर कळतं. नाक आलं नाही तर मी परत येऊन करू काय? बोईसरात आलो तेव्हा आपल्याला कोण ओळखत होतं? माझ्या डब्याने ओळख दिली.

आणि तुम्ही लिहिता, पुष्पलताच्या हाताला माझ्यासारखीच चव. फरकच कळला नाही. बरं झालं बाई, मग माझ्यावाचून अडलंय कुठे?

तुम्ही कंपनीतून आलात की चप्पल काढायच्या आधी दारातूनच विचारायचात, "आज काय केलंय?" मी आतून म्हणायचे, आधी अंघोळ करा, तुमच्या कंपनीचा वास घरात आणू नका. मग सांगायचे. मला वाटायचं, दिवसभर तुम्ही त्या एका घासाची वाट बघत असता. इथे पडल्या पडल्या तेवढंच आठवत बसते.

ज्ञानेश्वरी


बोईसर, ७ मार्च

स्वराची आई,

तू माझ्या बोलण्याचा भलताच अर्थ काढलास. तुला बरं वाटावं म्हणून लिहिलं होतं.

चवीचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस. चव काय, आज नाही उद्या येईल. पोट भरल्याशी काम. माणसं चवीवाचून मरत नाहीत, जगतात आणि ड्युटीही करतात.

डबे जरा कमी झालेत. होळीला पोरं गावी जातात, तुला माहीतच आहे.

तब्येतीला जप.

रामकिसन


मुंबई, २१ मार्च

स्वराच्या बाबांना,

मला दवाखान्यातून सोडलं. आता जवळच्या धर्मशाळेत आहे, महिनाभर तपासण्या होईपर्यंत. खिडकीखाली भज्यांची गाडी आहे. लोक खातात ते दिसतं, एवढंच.

काल कमलाकांतचा फोन आला. सहा वर्षं आपला डबा खाणारा माणूस, "काकू, कशा आहात" म्हणून विचारायला. बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं. फेब्रुवारीच्या शेवटी आमटी आंबलेली गेली. पाच-सहा जणांची पोटं बिघडली, दोघांची रात्रपाळी बुडाली. चौदा डब्यांचे तीन राहिलेत. होळी कुठली हो? आणि हे सगळं मला परक्याकडून कळावं?

मी पुष्पलतालाही फोन लावला. ती रडायलाच लागली. म्हणाली, "ताई, मला तवा सर्दी झालती, नाकाला कायच कळत नवतं. आणि तुमी चाखायचं नाय म्हनून सांगितलेलं. म्हनून मी दादांना म्हटलं, जरा वास घेऊन बघा, आमटी बरी हाय ना? दादांनी झाकन उघडलं, वास घेतला, म्हनले, झकास हाय. मंगच मी डबे भरले."

दुपारी केलेली आमटी, उकाड्यात झाकून ठेवलेली. शेजारणीला दारातून कळला असता असा तो वास असणार. तुम्ही पातेल्यावर वाकलात आणि झकास म्हणालात! मला एकच सांगा. तुम्ही वास घेतलात, की नुसतं झाकण उघडून परत लावलंत? बायको दवाखान्यात आहे, डबे कसे का जाईनात, असं झालं का तुम्हाला?

"पोट भरल्याशी काम" हे तुमचं वाक्य मी रोज चघळतेय. सव्वीस वर्षं मी रांधलं ते तुम्ही पोट भरण्यापुरतंच खाल्लंत का? खरं काय ते लिहा. खोटं लिहिणार असाल तर पत्र पाठवू नका.

ज्ञानेश्वरी


बोईसर, ३० मार्च, गुढीपाडवा

ज्ञानेश्वरी,

खरं लिहितो.

मी वास घेतला होता. पातेल्यावर वाकून, डोळे मिटून घेतला. मला काही आलं नाही. मला अकरा वर्षं झाली, कशाचाच वास येत नाही.

एकदम गेला नाही. आधी हिंग गेला. मला वाटलं, तू भेसळीचा आणलास. मग उदबत्ती गेली. मग एक दिवस तू पुरणाला वेलदोडा कुटत होतीस आणि मी शेजारी बसून पेपर वाचत होतो, तरी मला कळलं नाही. प्लँटमध्ये जुन्या लोकांत आणखी दोघांचं असंच आहे. कोणी बोलत नाही. डॉक्टरकडे कागदावर आलं तर प्लँटवरून काढून कुठेतरी बसवतील. तेव्हा स्वरा शाळेत होती.

तुला ते आठवतं का, कुठल्याशा कारखान्यातून गळती झाली आणि सगळी गल्ली नाकाला पदर लावून पळाली? मी बनियनवर दारात उभा राहिलो. तू पुढे वर्षभर सगळ्यांना सांगत होतीस, आमचे हे जागचे हलले नाहीत. अगं, मला कळलंच नव्हतं लोक का पळताहेत ते.

जिभेला अजून खारट, आंबट, तिखट कळतं. पण डोळे मिटले तर वांगं की बटाटा, सांगता येत नाही. आंबलेली आमटी मीही नंतर खाल्ली. वाटलं, पुष्पलताने चिंच जास्त घातली. म्हणून दारातून विचारायचो, आज काय केलंय. तू सांगितलंस की मला ते आठवायचं. वांग्याची भाजी म्हणालीस की जुन्या वांग्याची चव मनात आणायची आणि घास घ्यायचा. मग झकास म्हणायचं. आधी अंघोळ का म्हणायचीस तेही मला नीट कळत नव्हतं, घामाचा वास असेल म्हणून करायचो.

तुला कसं सांगणार? सगळ्या जगात तुला अभिमान एका नाकाचा. तुझ्या हातचं खायला लोक पाळ्या बदलून घ्यायचे, आणि घरातल्याच माणसाला ते कळत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू? आज सांगू, उद्या सांगू करत अकरा वर्षं गेली. ताटाशी एकटी आहे असं तू लिहिलंस. ते वाचून मी तो कागद घेऊन पंपाच्या मागे जाऊन उभा राहिलो. मला माहीत आहे ते. रोज तुझ्यासमोर बसून जेवताना मला माहीत होतं. तुझ्यावर ही वेळ आली तेव्हा तरी बोलायला हवं होतं, तर मी "पोट भरल्याशी काम" लिहून मोकळा झालो. चुकलो.

आणखी एक सांगतो, मग संपवतो. तुझी स्वयंपाकाची साडी, ती जांभळी, दारामागच्या खुंटीवर तू टाकून गेलीस तशीच आहे. परवा दुपारी कंपनीतून आलो, दारातून सवयीने विचारलं, आज काय केलंय. घरात कोणी नाही. मग ती साडी काढली आणि नाकाशी धरून बसलो. लोक म्हणतात, माणूस लांब गेलं तरी त्याचा वास कपड्यात राहतो. बराच वेळ बसलो. काही आलं नाही. मला तू गेलीस ती सगळीच गेलीस.

आज गुढी उभारली. नैवेद्य विकतच्या श्रीखंडाचा. पुष्पलताला मी सांगितलं, तुझी चूक नाही.

रामकिसन


बोईसर, १४ एप्रिल

ज्ञानेश्वरी,

पंधरा दिवस झाले, पत्र नाही. फोन केला तर स्वरा म्हणते, आई झोपलीय. दर वेळी झोपलेली असतेस.

पुष्पलताला तिच्या घरी केळीच्या वाडीत काम आहे, तिला जायला सांगितलं. उरलेले तिघं दुसरीकडे लागले. त्यातला बिहारचा पोरगा जाताना विचारून गेला, "अंकल, चाची आएगी तो बताना." मी हो म्हटलं.

मी भात आणि वरण करून खातो. तुझ्या रिपोर्टाचं काय झालं तेवढं तरी कळव. बाकी काही लिहू नकोस वाटलं तर.

रामकिसन


मुंबई, २२ एप्रिल

स्वराच्या बाबांना,

रिपोर्ट चांगला आहे. आजार दिसत नाही म्हणाल्या. आधी ते लिहून टाकते, कारण पुढे मी भांडणार आहे.

मी झोपलेली नव्हते. स्वराला खोटं बोलायला लावलं. तुमचं पाडव्याचं पत्र वाचून मला एवढा राग आला की तुम्ही समोर असतात तर पोळपाट फेकला असता. अकरा वर्षं! रोजच्या दोन वेळा धरल्या तर किती ताटं झाली? दिवाळीला तुमच्यासाठी म्हणून वेगळी, जास्त तिळाची चटणी कुटायचे, हात भरून यायचे. ती कोणासाठी कुटली मी? गळतीची गोष्ट तर माझ्या माहेरीही सांगून झाली. आता कोणाकोणाला जाऊन सांगू की हा माणूस शूर नव्हता?

दोन आठवडे असंच चाललं. इथे रोज दोन वेळा ताट येतं. पहिल्या दिवसापासून मी वाढणाऱ्या बाईंना "छान आहे" म्हणते. त्या बिचाऱ्या मनापासून करतात. सात-आठ दिवसांपूर्वी त्यांनी विचारलं, "भाजी बरी झालीय का?" मी म्हटलं, झकास. आणि माझाच हात थांबला. तुमचा शब्द, तुमच्यासारखा, चव न कळता, समोरच्याचं मन राखायला. महिनाभरात मला हे इतकं सोपं झालं होतं. तुम्ही अकरा वर्षं केलंत. कोणी विचारणारं नाही, काचेबाहेर बसून रडणारं नाही. मी शेजारीच बसलेली, वाढत होते आणि मला पत्ता नव्हता. माझं नाक, माझं नाक म्हणून मिरवणारी मी, त्या नाकाला घरातलं एवढं कळलं नाही. राग आहे अजून. पण तो निम्मा माझ्यावर आहे.

आता दुसरं. तुमचं चौदा तारखेचं पत्र आलं. इथे प्लास्टिक-बिस्टिक काही नाही, पाकीट हातात मिळतं. घडी उघडली आणि नाकात काहीतरी टोचलं. मी कागद लांब धरला, परत जवळ आणला. कंपनी! तुमचा तो कंपनीचा वास, कडवट, आंबूस, शर्टाच्या खिशात दिवसभर राहिल्यावर येतो तो. ज्याच्यासाठी मी तुम्हाला दारातून अंघोळीला हाकलायचे. सत्तर दिवसांनी नाकाला पहिला वास आला तो हा. मी तो कागद तोंडावर धरून एवढी रडले की स्वरा धावत आली. घटकाभराने गेला. परत हुंगून बघितलं तर काही नाही. दोन दिवस झाले, अजून काही नाही. डॉक्टरबाई म्हणतात, असा येतो-जातो, कदाचित राहील. कदाचित.

आनंद झाला आणि लगेच चोरी केल्यासारखं वाटलं. माझं परत आलं तर तुम्ही तिथे पुन्हा एकटेच राहाल. तुमचं येणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

म्हणून आता सांगते ते करा. खुंटीवरची साडी घ्या आणि नाकाशी धरून पुढचं वाचा. हे मी आठवून लिहितेय, मला आत्ता यातलं काही येत नाही.

पदराच्या टोकाला येसराचा वास असणार, भाजलेल्या धण्यांचा, थोडा दगडफुलाचा, कारण मी पातेलं पदरानेच उतरवते. कमरेशी खोचलेल्या ठिकाणी ओल्या कणकेचा, तो शिळा झाला की किंचित ताकासारखा होतो. खांद्यावर खोबरेल तेल, माझ्या वेणीचं. निऱ्यांना सगळ्यात जास्त लसूण आणि जळक्या रॉकेलसारखा एक वास, तो स्टोव्ह सोडून पंधरा वर्षं झाली तरी जात नाही, की मला उगीच येतो कोण जाणे. आणि सगळ्याच्या खाली घाम. दवाखान्यात जायच्या दिवशी घाबरून आलेला. त्या दिवशी मी कोणाला सांगितलं नाही, पण मला फार भीती वाटत होती.

एवढी मी आहे त्या साडीत. सगळीच गेले नाही.

शनिवारी स्वरा मला घेऊन येतेय, चारपर्यंत पोचू. दारात पाऊल टाकल्यावर या वेळी मी विचारणार, आज काय केलंय, आणि वरणभात असला तरी तुम्ही नीट सांगायचं, काय काय घातलं ते. तीन महिने न धुतलेली साडी घरात टांगून ठेवणारा माणूस तुम्हीच, पण आता एवढं थांबलात तर शनिवारपर्यंत थांबा. ती धुऊ नका. मी आल्यावर आधी ती नाकाला लावून बघणार आहे. वास आला तर तुम्हाला सांगेन. नाही आला तर दोघं मिळून धुऊन टाकू.

तुमची,
ज्ञानेश्वरी